‘ओळखीचा’ म्हणजे नेमका कोण? घरात बंदुकीने होणाऱ्या खुनांचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत बंदुकीचा विषय बहुधा चोरीच्या बातमीनंतर निघतो. भारतीय घरांत सोने असते हे हेरून २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यू यॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत एका टोळीने दरोडे घातले होते आणि तिच्या सूत्रधार महिलेला पुढे दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. असे काही कानावर आले, की आपणही एखादे पिस्तूल घेऊन ठेवावे असे कोणीतरी सुचवते. त्यावर दुसरे कोणीतरी सांगते, की बंदुकीने चोरापेक्षा घरच्याच माणसाचा जीव जाण्याची शक्यता ‘त्रेचाळीस पट’ असते, आणि ते संशोधन केव्हाच खोटे ठरले आहे असे तिसरे कोणीतरी ठामपणे म्हणते. मूळ निबंध तिघांपैकी कोणीही वाचलेला नसतो. ज्यांना अशा चर्चेत नुसती बाजू न घेता आकडा पारखून पाहायचा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांना आपल्या घरापुरता निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. विषय अमेरिकेचा आहे आणि आकडेही तिथलेच आहेत.

आकडा समोर आला, की तो कोणत्या अभ्यासातला आहे हे सर्वांत आधी विचारावे. ‘त्रेचाळीस’ हा आकडा १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातला आहे. सिएटल शहर ज्या किंग काउंटीत येते, तिथे १९७८ ते १९८३ या सहा वर्षांत बंदूक असलेल्या घरांमध्ये गोळी लागून झालेले ३९८ मृत्यू त्यांनी तपासले. स्वसंरक्षणात झालेले मृत्यू ९ निघाले, आणि आत्महत्या, गुन्हेगारी स्वरूपाचे खून व अपघात मिळून ३८६. या दोन संख्यांचे गुणोत्तर म्हणजे ४३. मात्र त्या ३८६ पैकी ३३३ आत्महत्या होत्या, ४१ खून होते आणि १२ अपघात होते. नुसते खून घेतले तर गुणोत्तर ४.६ वर येते. म्हणजे ‘घरच्याच माणसाचा खून होण्याची शक्यता त्रेचाळीस पट’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि ‘हा आकडा बनावट आहे’ हेही तितकेच चुकीचे आहे. आकडा खरा आहे, फक्त तो मुख्यतः आत्महत्येविषयी बोलतो, आणि ही गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी बहुतेक वेळा गळून गेलेली असते.

बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता ‘२.७ पट’ असते, हा आकडा वेगळा आहे. केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याच नियतकालिकात तो मांडला, आणि घरातील खुनांविषयी आजही जो वाद चालतो तो प्रामुख्याने या निबंधाभोवती चालतो. म्हणून पुढची बरीचशी पारख याच निबंधावर करून पाहू.

घर कोणाचे, हत्यार कोणते

टेनेसीतील मेम्फिस शहराची शेल्बी काउंटी, वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटी आणि ओहायोतील क्लीव्हलँड शहराची कायाहोगा काउंटी या तीन ठिकाणी, १९८७ ते १९९२ दरम्यान, अभ्यासाच्या मुदतीत एकूण १,८६० खून झाले. त्यांपैकी मृत व्यक्तीच्या स्वतःच्या घरात झालेले खून ४४४, म्हणजे चौथ्या हिश्श्यापेक्षाही थोडे कमी. उरलेले तीन-चतुर्थांश खून रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यात, गाडीत, दुसऱ्या कोणाच्या घरी अशा ठिकाणी झाले आणि अभ्यासाच्या कक्षेत ते आलेच नाहीत. या निबंधावरून संपूर्ण शहरातल्या गुन्हेगारीविषयी काही बोलणे म्हणूनच योग्य ठरत नाही. त्याचप्रमाणे, रस्त्यावरच्या टोळीयुद्धाचे आकडे पुढे करून घरातल्या खुनांचे निष्कर्ष खोडता येत नाहीत.

हत्याराबाबतही इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मी स्वतः हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा ती माझ्या नजरेतून सुटली होती. अभ्यासासाठी घेतलेले ४२० खून हे सगळे बंदुकीने झालेले नव्हते. बंदुकीने मारले गेलेले सुमारे निम्मेच होते आणि उरलेल्यांत चाकू, मारहाण, गळा आवळणे असे सर्व प्रकार होते. ‘२.७ पट’ हा आकडा कोणत्याही मार्गाने घरात खून होण्याच्या शक्यतेचा आहे. संशोधकांनी मार्गानुसार वेगळी विभागणी केली तेव्हा घरातल्या बंदुकीचा संबंध बंदुकीने झालेल्या खुनांशी ठळकपणे दिसला, इतर मार्गांनी झालेल्या खुनांशी तसा दिसला नाही. माझ्या मते संपूर्ण निबंधातला हा सर्वांत बोलका भाग आहे. घर मुळातच हिंसक असल्यामुळे तिथे बंदूकही होती आणि खूनही झाला, एवढेच कारण असते, तर चाकूने झालेल्या खुनांच्या बाबतीतही तसाच संबंध दिसायला हवा होता.

नात्याचा रकाना

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मारणारा आणि मारला गेलेला यांचे नाते हाच या साऱ्या आकड्यांचा गाभा आहे, आणि सर्वांत जास्त चुकीचे वाचनही याच रकान्यात होते. भारतातल्या वाचकाला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातली खुनाच्या कारणांची कोष्टके परिचयाची असतात, ज्यांत मालमत्तेचा वाद, प्रेमप्रकरण, हुंडा, वैयक्तिक वैर असे रकाने असतात. अमेरिकेत नाते हा स्वतंत्र रकाना असतो. दोन्हींचा प्रश्न वेगळा आहे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवू नये.

१९९३ च्या निबंधात ७६.७ टक्के बळी नातेवाइकाने किंवा ओळखीच्या माणसाने मारलेले होते. परक्याने मारलेले म्हणून निश्चित झालेले केवळ ३.६ टक्के होते. हे दोनच आकडे शेजारी ठेवले की घरात शिरणाऱ्या अनोळखी माणसाची भीती जवळजवळ निराधार वाटू लागते. पण इथे तीन ठिकाणी थांबावे.

पहिली जागा म्हणजे ‘ओळखीचा’ या शब्दाची लांबी-रुंदी. आपण तो ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे नवरा, भाऊ, मुलगा, फार तर शेजारी येतो. पोलिसांच्या नोंदीत मात्र पूर्वी एकदा भांडण झालेला गल्लीतला माणूस, अमली पदार्थ विकणारा आणि त्याचे गिऱ्हाईक, प्रतिस्पर्धी टोळीतला नावाने माहीत असलेला तरुण, हे सगळे ‘ओळखीचे’ ठरतात. १९९३ च्या अभ्यासातही मित्र आणि परिचित यांचा गट मोठा होता. तेव्हा ‘चारांपैकी तिघांना ओळखीच्याने मारले’ याचा अर्थ ‘चारांपैकी तिघांना घरच्यांनी मारले’ असा कधीही करू नये. कोष्टकात जोडीदार, रक्ताचे नातेवाईक, सोबत राहणारे आणि मित्र-परिचित हे वेगवेगळे दिलेले असतील तर ते वेगवेगळेच वाचावेत, आणि एकत्र केलेले असतील तर त्या एकत्रित आकड्यावर कौटुंबिक हिंसेविषयी निष्कर्ष उभारू नये.

दुसरी जागा म्हणजे ‘अज्ञात’. त्याच ४२० खुनांपैकी १७.४ टक्के प्रकरणांत संशयिताची ओळख पटलेलीच नव्हती. देशपातळीवरच्या आकडेवारीत हा हिस्सा याहून कितीतरी मोठा असतो. संघीय तपास संस्था, म्हणजे एफबीआय, खुनांविषयी जी पूरक माहिती पोलिसांकडून गोळा करते, तिच्यात अलीकडच्या वर्षांत सुमारे निम्म्या प्रकरणांत नाते ‘अज्ञात’ म्हणून पडलेले दिसते. याचा परिणाम समजण्यासाठी केवळ हिशेबापुरते एक काल्पनिक शहर घेऊ. तिथे १०० खून झाले, ४० ओळखीच्यांनी केले, १० परक्यांनी केले आणि ५० अज्ञात राहिले. ‘अज्ञात’ बाजूला काढून टक्केवारी काढली तर ओळखीच्यांचा हिस्सा ८० टक्के होतो, आणि सगळे खून धरून काढली तर तो ४० टक्क्यांवर येतो. दोन्ही वाक्ये वर्तमानपत्रात छापता येतील आणि दोन्ही ‘अधिकृत’ वाटतील. शिवाय अज्ञातांची विभागणी ज्ञातांसारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही, कारण पत्नीला मारणारा नवरा बहुधा काही तासांत सापडतो, कित्येकदा घटनास्थळीच सापडतो, तर परक्याने केलेला खून वर्षानुवर्षे उलगडत नाही. म्हणून कोणत्याही अहवालात नात्याची टक्केवारी दिसली, की ती कशाची टक्केवारी आहे, एकूण बळींची की केवळ नाते कळलेल्या बळींची, हे तळटीपेत शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी जागा म्हणजे रकान्याची दिशा. एफबीआयच्या कोष्टकात नाते बळीच्या बाजूने लिहिलेले असते. ‘मुलगा’ या शब्दापुढे जी संख्या आहे ती मारल्या गेलेल्या मुलांची आहे, आईवडिलांना मारणाऱ्या मुलांची नव्हे. ‘पत्नी’पुढची संख्या मारल्या गेलेल्या पत्नींची आहे. गोष्ट एका ओळीची आहे, पण ती उलटी वाचून लिहिलेले लेख मी पाहिले आहेत, आणि एकदा उलटे वाचले की कुटुंबाचे सगळे चित्रच उलटते.

या नोंदींमध्ये आणखी एक उणीव आहे, जी मला मनापासून खटकते. एफबीआयच्या या जुन्या पूरक नोंदपद्धतीत पूर्वपती आणि पूर्वपत्नी यांच्यासाठी संकेत आहेत, प्रियकर-प्रेयसीसाठीही आहे, पण लग्नाशिवाय जोडलेले आणि मग तुटलेले नाते, म्हणजे पूर्वीचा प्रियकर किंवा पूर्वीची प्रेयसी, यासाठी स्वतंत्र जागाच नाही. असा खून कधी ‘प्रियकर-प्रेयसी’त जातो, कधी ‘परिचित’ यात मिसळून जातो. नाते तुटल्यानंतरचा काळ स्त्रीसाठी विशेष धोक्याचा असतो हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे, आणि नेमका तोच गट मोजणीत विरघळून जातो. याच नोंदपद्धतीत खून कुठे झाला, घरात की बाहेर, हेही लिहिलेले नसते. त्यामुळे ‘घरातले खून आणि नाते’ हा प्रश्न केवळ तिच्या आधारे सोडवता येत नाही. ठिकाणाची नोंद २०२१ पासून सर्वत्र लागू करण्यात आलेल्या नव्या, घटनानिहाय पद्धतीत आहे, आणि रोगनियंत्रण केंद्र म्हणजे सीडीसी चालवत असलेल्या हिंसक मृत्यूंच्या नोंदपद्धतीतही आहे. सीडीसीची ही पद्धत मोजक्या राज्यांपासून सुरू होऊन २०१८ मध्ये सर्व पन्नास राज्यांपर्यंत पोहोचली. तिच्यात पोलिसांचा अहवाल आणि शवचिकित्सकाचा अहवाल एकत्र वाचून माहिती भरली जाते, म्हणून घरातील खुनांविषयी वाचायचे असेल तर मी आधी तिच्याकडे वळण्याचा सल्ला देईन.

स्त्री-पुरुष वेगळे करून पाहा

नात्याचा रकाना स्त्री आणि पुरुष बळींसाठी एकत्र वाचला की त्यातले सर्वांत महत्त्वाचे सत्य झाकले जाते. अमेरिकेत खुनाचे बळी बहुसंख्येने पुरुष असतात आणि ते बहुतांशी घराबाहेर, दुसऱ्या पुरुषांच्या हातून मरतात. स्त्रियांचे तसे नाही. सीडीसीने १८ राज्यांतील २००३ ते २०१४ या काळातील स्त्रियांच्या खुनांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत परिस्थिती कळलेली होती, त्यांपैकी निम्म्याहून अधिक खून जोडीदाराच्या हिंसेशी निगडित होते, आणि एकूण खुनांपैकी निम्म्याहून अधिक बंदुकीने झालेले होते. इथेही ‘परिस्थिती कळलेली होती’ ही अट आहेच, ती विसरू नये. पण पुरुष आणि स्त्रिया एकत्र धरून काढलेल्या सरासरीत हे चित्र बुडून जाते, आणि मग ‘जोडीदाराकडून होणाऱ्या हत्या एकूण हत्यांच्या तुलनेत थोड्याच आहेत’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ते पुरुषांच्या संख्येच्या भाराने खरे ठरलेले वाक्य असते.

‘पट’ म्हणजे कोणाच्या तुलनेत

१९९३ च्या निबंधाची पद्धत अशी होती. खून झालेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी त्याच वस्तीतली, त्याच लिंगाची, त्याच वंशाची आणि साधारण त्याच वयोगटातली एक जिवंत व्यक्ती शोधली. मात्र ती अगदी शेजारच्या घरातली नव्हे, मधला एक चौक सोडून पुढच्या घरांत तिचा शोध सुरू केला. मग दोन्ही घरांतल्या लोकांना सारखे प्रश्न विचारले. खून झालेल्या घरांपैकी ४५.४ टक्के घरांत बंदूक होती, जोडीच्या घरांपैकी ३५.८ टक्के घरांत होती. नुसत्या या दोन आकड्यांवरून शक्यता सुमारे दीडपट दिसते. घर भाड्याचे आहे का, माणूस एकटा राहतो का, घरात अमली पदार्थ घेतले जातात का, पूर्वी मारहाण झाली आहे का, कोणाला अटक झाली आहे का, या गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावर ती २.७ पट होते. मारेकरी कुटुंबातला किंवा जवळच्या नात्यातला असलेल्या खुनांपुरते पाहिले, तर ती ७.८ पटींवर जाते, पण उपलब्ध प्रकरणे कमी असल्याने त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता मोठी आहे.

त्याच कोष्टकात भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठीचा आकडा ४.४ आहे, म्हणजे बंदुकीच्या आकड्यापेक्षा मोठा. भाडेकरार कोणाचा जीव घेत नाही. भाड्याच्या घरामागे गरिबी, वस्ती, अस्थिरता असे बरेच काही लपलेले असते आणि ते त्या आकड्यातून बोलते. हे एकदा ध्यानात आले की ‘बंदुकीच्या आकड्यामागेही असेच काही लपलेले असेल का’ हा प्रश्न विचारणे प्रामाणिक वाचकाला भाग आहे. फ्लोरिडातील गुन्हेशास्त्रज्ञ गॅरी क्लेक यांच्यासारख्या टीकाकारांनी हाच प्रश्न लावून धरला. ज्याला जिवाचा धोका आधीपासून आहे तोच बंदूक घेतो, मग खुनाचे कारण बंदूक की तो आधीचा धोका? खुनात वापरलेली बंदूक त्या घरातलीच होती, की मारेकऱ्याने बाहेरून आणलेली? आणि ज्या प्रसंगी बंदूक नुसती दाखवून हल्लेखोर पळाला, कोणी मेले नाही, ते प्रसंग कोणत्या रकान्यात गेले? हे आक्षेप गंभीर आहेत. ते ऐकून घेतल्याशिवाय २.७ हा आकडा पुढे पाठवणे मला योग्य वाटत नाही. परंतु आक्षेप घेतला म्हणजे अभ्यास खोटा ठरला असेही नाही. आक्षेपातून पुढच्या अभ्यासाला कोणता प्रश्न विचारायचा, एवढे ठरते.

पुढचे अभ्यास सावकाश आले, आणि त्यामागे एक राजकीय कारणही आहे. केलरमन यांच्या संशोधनाला सीडीसीचा निधी होता. १९९६ मध्ये अर्कान्सॉचे काँग्रेस सदस्य जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर झाली, जिने बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी सीडीसीचा निधी वापरण्यास मनाई केली, आणि त्याच सुमारास २६ लाख डॉलरची तरतूदही त्या कामाकडून काढून घेण्यात आली. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती, पण संस्थेने तो विषय जवळजवळ सोडून दिला. डिकी यांनी स्वतः पुढे, २०१२ मध्ये, या संशोधनाची गरज असल्याचे जाहीरपणे लिहिले. २०२० च्या आर्थिक वर्षासाठी अडीच कोटी डॉलरची तरतूद झाली तेव्हा हा निधी पुन्हा सुरू झाला. मधल्या दोन दशकांत जी मोजणी झाली नाही ती आता मागे जाऊन करता येत नाही.

तरीही आज वाचकाच्या हाती १९९३ पेक्षा भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात बंदूक उपलब्ध असलेल्यांमध्ये खुनाचा बळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट आणि आत्महत्येची तिपटीहून अधिक आढळली. आणि २०२२ मध्ये डेव्हिड स्टडर्ट व सहकाऱ्यांचा कॅलिफोर्नियातील अभ्यास आला, जो मी या विषयावर एकच निबंध वाचायचा असेल तर वाचायला सांगेन. त्यांनी खून झाल्यानंतर मागे वळून विचारपूस केली नाही. सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढांना २००४ ते २०१६ या काळात, राज्याच्या अधिकृत पिस्तूल-खरेदीच्या नोंदींच्या आधारे, पुढे पुढे पाहत नेले. आणि त्यांनी मालकाकडे पाहिलेच नाही. ज्यांच्या स्वतःच्या नावावर पिस्तूल नाही, पण जे पिस्तूल असलेल्या माणसासोबत एका छताखाली राहतात, त्यांचे काय होते, एवढेच त्यांनी पाहिले. असे लोक सुमारे सहा लाख होते आणि त्यांत मोठा हिस्सा स्त्रियांचा होता. त्याच वस्तीतल्या, पिस्तूल नसलेल्या घरांतल्या लोकांच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचे प्रमाण २.३३ पट निघाले. जोडीदाराच्या हातून गोळी लागून मरण्याचे प्रमाण सात पटींहून अधिक निघाले, आणि अशा बळींपैकी ८४ टक्के स्त्रिया होत्या. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. नोंदीबाहेरची हत्यारे त्यात दिसत नाहीत, घरात व्यसन किंवा आधीची मारहाण होती का हे कळत नाही, आणि खून हा मुळात विरळा प्रसंग असल्याने ‘सात पट’ म्हणजे लहान संख्येच्या सात पट हेही लक्षात ठेवावे लागते. पण १९९३ साली केलरमन यांनी तीन काउंट्यांत जे पाहिले, तेच वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या काळात, कितीतरी मोठ्या लोकसंख्येत पुन्हा दिसावे, याला मी फार वजन देतो. बंदूक घेण्याचा निर्णय एकाचा असतो आणि वाढलेला धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो, हे मला या अभ्यासातून प्रथम इतके स्वच्छ दिसले.

आपल्या घरी हे वाचन कसे लावावे

सर्वप्रथम कायदा पाहावा. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत आणि त्यांबाबत वकिलाला विचारल्याशिवाय काहीही करू नये. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही विशिष्ट मनाई लागू नाही, राज्यांचे नियम मात्र खूप वेगवेगळे आहेत. बऱ्याच मराठी कुटुंबांत नवरा-बायकोचा व्हिसा किंवा दर्जा एकसारखा नसतो, म्हणून ‘घरात एकाच्या नावावर आहे’ एवढ्यावर दुसऱ्याने निश्चिंत होऊ नये.

दुसरी गोष्ट, निर्णय घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाने मिळून घ्यावा, आणि त्यात सासू-सासरे किंवा सोबत राहणारा भाऊ असेल तर तोही आला. चर्चेत चोराचा विचार जितका होतो तितकाच घरात कोणी नैराश्यात आहे का, कोणाची नोकरी नुकतीच गेली आहे का, दारू वाढली आहे का, किशोरवयीन मुलगा गप्प झाला आहे का, याचाही व्हावा. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. किंग काउंटीतल्या त्या ३३३ आत्महत्या आठवल्या तर हे नवे वाटणार नाही. घरात कोणी अशा अवस्थेत असेल तर शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था करावी आणि आत्महत्येच्या विचारांत मदत करणाऱ्या ९८८ या क्रमांकावर फोन करावा. शस्त्र ठेवायचेच ठरले, तर ते रिकामे, कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत.

तिसरी गोष्ट अवघड आहे, पण लिहिली पाहिजे. ज्या घरात मारहाण होते, तिथे वरच्या सर्व आकड्यांचा अर्थ बदलतो. जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अनेक शहरांत केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मारहाण करणाऱ्याला बंदूक उपलब्ध असली तर स्त्रीचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. त्याने यापूर्वी शस्त्राने धमकावले असेल, गळा दाबला असेल, पाळत ठेवली असेल, ती नुकतीच वेगळी झाली असेल किंवा होण्याच्या बेतात असेल, तर धोका मोठा समजावा. अशा स्त्रीला ‘थोडे सहन कर, भारतातून आईला बोलावून घेऊ’ असे सांगण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि मी ती स्वतः ऐकली आहे. त्याऐवजी तिला वेगळे होण्याआधीच सुरक्षिततेची आखणी करून देणाऱ्यांशी जोडून द्यावे. न्यू जर्सीतील ‘मानवी’, न्यू यॉर्कमधील ‘सखी’ आणि कॅलिफोर्नियातील ‘मैत्री’ या संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी गेली तीन दशके आणि त्याहून अधिक काळ हे काम करत आल्या आहेत, आणि तिथे तिला आपले घर, आपली माणसे, आपला व्हिसा समजावून सांगण्यात वेळ घालवावा लागत नाही. भांडण पेटले की शस्त्र जिथे ठेवले आहे त्या खोलीकडे जाऊ नये आणि शस्त्र स्वतः लपवण्याचा प्रयत्न आखणीशिवाय करू नये.

न्यायालयाचा संरक्षण आदेश मिळवताना बंदुकीचा उल्लेख अर्जात आवर्जून करावा. ज्याच्याविरुद्ध आदेश मागितला आहे त्याला सुनावणीची संधी देऊन काढलेला आदेश ठरावीक अटींत बसत असेल, तर तो लागू असेपर्यंत त्या माणसाने बंदूक बाळगणे संघीय कायद्याने गुन्हा आहे, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कायम ठेवली. कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवर १९९६ पासून अशीच मनाई आहे आणि २०२२ च्या कायद्याने ती काही अंशी प्रेमसंबंधांतल्या हिंसेपर्यंत वाढवली. मात्र आदेश निघाला म्हणजे बंदूक आपोआप घरातून जाते असे नाही. ती कोणाकडे, कधी आणि कोणाच्या देखरेखीखाली जमा करायची, हे राज्यानुसार आणि न्यायाधीशानुसार बदलते. म्हणून आदेशातच शस्त्र जमा करण्याची तारीख आणि ठिकाण लिहून देण्याची विनंती करावी, घरात किती शस्त्रे आहेत आणि ती कुठे ठेवली आहेत याची माहिती अर्जासोबत द्यावी, आणि ठरलेल्या तारखेनंतर ती जमा झाली का, हे न्यायालयाच्या कार्यालयात स्वतः किंवा संस्थेच्या कार्यकर्तीमार्फत विचारून घ्यावे.